अॅम्प, भोंगा आणि पेणचा मामा

‘बॉस, ती गिटार होती की डास?’

हा प्रश्न मला आमच्याच ड्रमरने विचारला. तोही शो संपल्यावर, समोसा खाता खाता, चारचौघांत. आणि दुःखाची गोष्ट म्हणजे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

आमचा वीकेंड बँड आहे. दोघे आयटीवाले, एक बँकवाली आणि मानधन कधी जमा होतंय याची वाट बघत मोबाइल चेक करणारी मी. शनिवारी कुणाच्या तरी गच्चीवर प्रॅक्टिस, रविवारी त्याच गाण्यांवर भांडण. आयटीवाल्यांच्या कंपनीचा अॅन्युअल डे हा आमचा पहिलावहिला स्टेज शो. घरी माझ्याकडे एक छोटा प्रॅक्टिस अॅम्प आहे. पंधरा वॉटचा, आठ इंची स्पीकरवाला, साधारण स्टुलाएवढा. एवढासा डबा स्टेजवर कसा दिसेल, म्हणून मी तो घरीच ठेवला. गिटार पेडलमध्ये, पेडल थेट हॉलच्या साउंड सिस्टिममध्ये. जे डिस्टॉर्शन घरी वाघासारखं गुरगुरायचं, ते हॉलमध्ये कानाशी डास आल्यासारखं गुणगुणायला लागलं. मी नॉब फिरवले. डास मोठा झाला.

रात्री घरी येऊन मी निदान करून टाकलं. आपल्याला ‘खरा’ अॅम्प पाहिजे. खरा म्हणजे व्हॉल्व्हचा. आत काचेचे दिवे लालसर पेटतात तो. सगळे जाणकार एका सुरात सांगतात, टोन हवा तर व्हॉल्व्हच! किंमत अडुसष्ट हजार, बारा हप्ते. पण फ्रीलान्सरला हप्त्यावर कोण देतो? सॅलरी स्लिप कुठाय? मग आठवला पेणचा मामा. त्याचं कार्ड आहे, आणि भाचीसाठी मन मोठं आहे.

फोनवर मामा म्हणाला, ‘कार्ड देतो गो. पण आधी तुझा तो डबा घेऊन ये इकडे.’

आखणी बघ, आखणी!

मामाबद्दल सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात त्याने पेणला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला. लग्नं, सत्यनारायण, निवडणुका आणि गणपतीत बेंजो पार्टीचा साउंड. आता मोठमोठ्या डीजे सिस्टिम आल्यात, त्यामुळे भाड्याचं काम जवळपास संपलं. मामा रिपेअरिंग करतो. अॅम्प्लिफायर, माइक, आणि मामीच्या ओळखीने येणारे घरोघरचे मिक्सर.

मी गेले ते जूनमध्ये. पनवेलला गाडी बदलून, मांडीवर अॅम्प घेऊन, एसटीच्या खिडकीतून आत येणारा पाऊस झेलत. पेणमध्ये हे दिवस म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचा फुल सीझन. जिकडे बघावं तिकडे निळं प्लॅस्टिक, आणि त्याखाली ओळीने बसलेले पांढरे गणपती. हमरापूर-जोह्यापासून पेणपर्यंत सगळीकडे हेच. मुंबई-पुण्याला जातात तसे इथले गणपती बोटीने परदेशातही जातात.

मामाच्या दुकानाला लागूनच एक कारखाना आहे. चहा होईस्तोवर मामा मला तिथे घेऊन गेला. एकाच साच्यातून निघालेले चाळीस गणपती. एकाच उंचीचे, एकाच पोझमधले. एक काका बारीक ब्रश घेऊन डोळ्यांची आखणी करत होते. ज्यांचे डोळे झाले होते ते बघत होते. ज्यांचे व्हायचे होते ते अजून नुसता आकार होते.

मी जर्नलिस्ट असल्याचं दाखवायला विचारलं, ‘काका, शाडूची मूर्ती छान दिसते की पीओपीची?’

काकांनी ब्रश न थांबवता सांगितलं, ‘पाण्याला फरक पडतो, वजनाला पडतो. तोंडाकडे बघून तुम्ही सांगा कुठली कशाची ते. माणूस डोळ्यात बघतो.’

बाहेर पडताना मामा एवढंच म्हणाला, ‘लक्षात ठेव हे. आता तुझा डबा काढ.’

डब्यात असतं काय?

फंडा सोपा आहे. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की त्यात वीज तयार होते. अगदी थोडी, व्होल्टचा एखादा अंश. अॅम्पचा पहिला भाग, प्रीअॅम्प, तिला मोठं करतो. मग बेस-मिडल-ट्रेबलचे नॉब. मग पॉवर अॅम्प, जो स्पीकर हलवण्याएवढी ताकद देतो. आणि शेवटी स्पीकर आणि त्याची लाकडी पेटी.

गिटारवाल्यांची सगळी भांडणं यातल्या पहिल्या तीन भागांवर होतात. व्हॉल्व्ह कुठल्या कंपनीचा, कपॅसिटर कुठल्या सालचा, वायरिंग हाताने केलंय की मशीनने. लॅमिंग्टन रोडवर जुने पार्ट शोधत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. स्पीकरबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. तो बिचारा जाळीमागे असतो ना!

मामाने माझ्या अॅम्पचं मागचं फळकूट काढलं, स्पीकरच्या दोन वायरी सोडवल्या आणि त्यांना लांब वायर जोडली. मग टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. माझा आठ इंची स्पीकर. जुन्या ऑर्केस्ट्राच्या गिटार अॅम्पमधून काढलेला बारा इंची, मागून उघड्या प्लायच्या पेटीत बसवलेला. आणि तिसरा, दुकानाच्या माळ्यावरून काढलेला, वर्षानुवर्षांची धूळ बसलेला भोंगा. सभेला, मिरवणुकीला खांबावर बांधतात तोच.

‘भोंग्यात गिटार?’ मी.

‘वाजव.’

आधी आठ इंची. नेहमीचा आवाज, डब्यातला. मग बारा इंची. तीच गिटार, तोच अॅम्प, नॉबला हात न लावता. खालच्या तारेला एकदम छाती आली. वरच्या तारांची कटकट गेली. दुकानाच्या मागच्या घरातून मामीचा आवाज, ‘आता बरं वाटलं! मघाशी काय चाललं होतं?’ मग भोंगा. (भोंग्याच्या वाटेत मामाने आधी एक कपॅसिटर घातला, नाहीतर जाड तारेचा आवाज त्याचा आतला पडदा फाडतो.) आणि माझी गिटार चक्क बेंजो झाली! तसाच टणटणीत, रस्ता कापत जाणारा आवाज. डोळे मिटले तर समोर अनंत चतुर्दशी.

मामा हसला. ‘चाळीस वर्षं लोक मला विचारतात, तुमच्या बेंजोचा आवाज एवढा भारी कसा? अरे, बेंजोचा आवाज बेंजोत नाही. भोंग्यात आहे.’

जपानहून पेणला

ज्याला आपण मिरवणुकीत बेंजो म्हणतो, तो अमेरिकन बँजो नव्हेच. तो बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो, जो नागोयामध्ये १९१२ साली तयार झाला. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. आपल्याकडच्या वादकांनी त्याला पिकअप लावला आणि लाउडस्पीकरला जोडलं. थोडक्यात काय, तर कोळीवाड्यात, आगरी गावांत आणि मुंबईच्या चाळींत इलेक्ट्रिक गिटारचा हा चुलतभाऊ पिढ्यान्पिढ्या वाजतोय. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला तो याच वादकांवर.

आता भोंग्याचं शास्त्र. भोंग्याला खर्ज जमत नाही. काहीशे हर्ट्झच्या खालचं तो जवळपास गाळूनच टाकतो. पण मधला आणि वरचा आवाज थोड्याशा वॉटमध्ये प्रचंड लांब फेकतो. माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि भोंगा नेमका तिथेच ओरडतो. म्हणून ढोल, ताशा, फटाके यांच्या वरताण बेंजो ऐकू येतो.

गिटारच्या स्पीकरची भानगड वेगळी. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. आणि गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या आसपास दम सोडतो. त्यापुढचं तो फारसं वाजवतच नाही. माणसाला ऐकू येतं २० किलोहर्ट्झपर्यंत! म्हणजे हाय-फायच्या हिशेबाने हा स्पीकर चक्क नापास. पण हे नापास होणंच गिटारचा आवाज बनवतं. डिस्टॉर्शन म्हणजे काय, तर लाट कापली जाते आणि तिच्या कडांमधून वरच्या सुरांचा चुरा उडतो. गिटारचा स्पीकर तो चुरा चाळून टाकतो आणि गुरगुर तेवढी पुढे पाठवतो.

ट्यूब पेटली का? अॅन्युअल डेच्या हॉलमध्ये मी काय केलं होतं? डिस्टॉर्शन पेडल थेट साउंड सिस्टिममध्ये. तिथले स्पीकर गाण्यासाठी, भाषणासाठी. त्यांत ट्वीटर असतो. त्याने सगळाच्या सगळा चुरा इमानदारीत प्रेक्षकांच्या कानात ओतला. डास पेडलमध्येही नव्हता, माझ्या बोटांतही नव्हता. चाळणी घरी स्टुलासारखी पडून होती!

लंडनचं दुकान आणि एक ब्लेड

तुम्ही म्हणाल, मामाच्या दुकानातल्या प्रयोगावरून एवढा मोठा निष्कर्ष? मग जरा इतिहास बघा.

१९५० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीचा ‘बासमन’ नावाचा अॅम्प होता. मागून उघडी पेटी, आत दहा इंची चार स्पीकर. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रमवाल्याच्या दुकानातल्या मंडळींनी त्याच सर्किटवरून आपला पहिला अॅम्प बनवला, जेटीएम ४५. आराखडा जवळपास तोच. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर असे काही पार्ट तिकडे मिळतील ते. पण आवाज बाहेर काढायला त्यांनी दिली मागून बंद पेटी आणि सेलेस्टियनचे बारा इंची चार स्पीकर. एका आराखड्याचे दोन अॅम्प, आणि दोन वेगळी घराणी. एकाचा आवाज मोकळा, चकचकीत. दुसऱ्याचा दाट, छातीवर येणारा. पुढच्या रॉकवाल्यांनी स्टेजवर भिंती उभ्या केल्या त्या या दुसऱ्याच्या.

दुसरी गोष्ट त्याहून सॉलिड. १९६४ मध्ये ‘द किंक्स’ बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या, स्वस्तातल्या अॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यातली ती फाटकी, खरखरीत गिटार म्हणजे चिरलेला कागद. त्याआधी १९५८ मध्ये लिंक रे यानेही स्पीकरला भोकं पाडून हाच उद्योग केला होता. सर्किट बदललं नाही, व्हॉल्व्ह बदलले नाहीत. स्पीकर फाटला आणि अख्खं रॉक म्युझिक बदललं!

मग व्हॉल्व्हचं काहीच नाही?

आहे ना. मामा प्रामाणिक माणूस. त्याने माळ्यावरून आणखी एक वस्तू उतरवली. व्हॉल्व्हचा जुना पीए अॅम्प, ज्यावर एके काळी अख्ख्या आळीचे सत्यनारायण झाले होते. त्याने आणि माझ्या ट्रान्झिस्टरच्या डब्याने आळीपाळीने तोच बारा इंची स्पीकर वाजवायचा. वाजवायला शेजारचा बेंजोवाला पोरगा, बटण फिरवायला मामा, आणि मी भिंतीकडे तोंड करून, ओळखायला.

एक अट मामाने कडक पाळली. दोन्हींचा आवाज अगदी सारखा मोठा. ‘जरासा मोठा आवाज माणसाला नेहमी जास्त चांगला वाटतो. अर्धे अॅम्प याच्यावरच विकले जातात.’

पहिली फेरी, साधा स्वच्छ आवाज. दहापैकी पाच बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. अडुसष्ट हजारांचा फुगा माझ्या डोळ्यांसमोर बसायला लागला.

दुसरी फेरी, दोन्ही अॅम्प दम लागेपर्यंत चढवून. दहापैकी नऊ! इथे फरक होता, आणि मस्त होता. व्हॉल्व्ह हळूहळू फाटत जातो. हलकं छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर खरखर. माझा डबा मात्र एका मर्यादेपर्यंत गप्प आणि मग एकदम कडकड.

पण यातही दोन पेच आहेत, आणि ते कळले की अर्धी जादू उलगडते.

पहिला पेच पुन्हा स्पीकरचाच. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण तो आकडा ढोबळ. ज्या सुराला स्पीकर स्वतःहून झुलतो, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, तिथे त्याचा विरोध कितीतरी पट वाढतो. वरच्या सुरांनाही तो पुन्हा चढत जातो. ट्रान्झिस्टरचा अॅम्प सहसा स्पीकरचा कान धरून बसतो, हलू देत नाही. व्हॉल्व्हच्या अॅम्पची पकड सैल. त्यामुळे त्या दोन्ही जागी आवाज फुगतो. खाली ऊब, वर चमक. ज्याला आपण ‘व्हॉल्व्हचा गोडवा’ म्हणतो, त्याचा एक हिस्सा स्पीकरला मिळालेली मोकळीक असते.

दुसरा पेच नॉबचा. बेस, मिडल, ट्रेबल सगळे पाचवर ठेवले की आवाज ‘प्लेन’ होतो असं मीही समजायचे. चूक! फेंडर घराण्यातल्या अॅम्पमध्ये सगळे नॉब मध्यावर असतात तेव्हा मधल्या सुरांना चांगला खड्डा पडलेला असतो. बेस-ट्रेबल शून्यावर आणि मिडल दहावर नेल्यावर कुठे तो जवळपास सपाट होतो. म्हणजे दोन अॅम्पची तुलना नॉबचे आकडे जुळवून करणं म्हणजे दोन घड्याळांचे पट्टे मोजून वेळ जुळवणं.

त्यातही सूर कापायचा कुठे, डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर, याला फार महत्त्व. मामीने लाटलेले पोह्यांचे पापड तळून समोर ठेवले होते, मामाने त्यातलाच एक उचलला. ‘पिठात मिरी घातली तर चव वेगळी आणि तळल्यावर वरून तिखट भुरभुरलं तर वेगळी. माल तोच, क्रम वेगळा.’ डिस्टॉर्शनच्या आधी खर्ज जास्त असेल तर सगळा चिखल होतो. आधीच कापला तर नोटा सुटसुटीत राहतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं आयबानेझचं ‘ट्यूब स्क्रीमर’ हे हिरवं पेडल जगभर चालतं, त्याचं एक मोठं कारण हेच. ते खर्ज आधी कमी करतं आणि मग आवाज फाडतं.

मामाने मग माझ्या डब्याचे नॉब फिरवून फिरवून दोन्ही आवाज जमतील तेवढे जवळ आणले, गिटार आणि अॅम्पच्या मध्ये माझं पेडल अगदी हलकं लावलं आणि तिसरी फेरी घेतली. दहापैकी सात. फरक उरला, पण अडुसष्ट हजारांचा उरला नाही. ही काही प्रयोगशाळा नव्हती, कबूल. पण स्पीकर बदलल्यावरचा फरक स्वयंपाकघरातून मामीला कळला होता, तेही कुणी न विचारता.

पायाला कान नसतात

‘पण मामा, दुकानात मी तो व्हॉल्व्हवाला ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता.’

‘दुकानात अॅम्प कुठे ठेवला होता?’

‘उंच स्टँडवर. कानासमोर.’

‘आणि घरी तुझा कुठे असतो?’

जमिनीवर. अर्थात! मामाने बारा इंची पेटी जमिनीवर ठेवली आणि मला शेजारी उभं केलं. आवाज मऊ, थोडा झाकलेला. मग तीच पेटी खुर्चीवर, माझ्या छातीच्या उंचीला. जणू कुणी गोधडी ओढून काढली. खर्ज चारी दिशांना पसरतो, पण वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. अॅम्प जमिनीवर असेल तर तो झोत तुमच्या पोटरीवर पडतो. मग तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर बसलेला मित्र कान धरतो. ज्या माणसाने तुमच्या रूमवर येऊन ‘किती टोचतंय रे’ म्हटलंय, तो खरं बोलत होता.

दुसरं, दुकानात अॅम्प जोरात वाजतो. फ्लेचर आणि मुन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज हळू केला की कानाला खर्ज आणि वरचे सूर जास्त कमी झालेले वाटतात. म्हणजे रात्री दहानंतर, शेजारच्या आजींना घाबरून, कुठलाही अॅम्प मचूळच लागणार. अडुसष्ट हजारांचासुद्धा. आणि वॉटचं गणित तर अजून मजेशीर आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. फ्लॅटसाठी पन्नास वॉटचा व्हॉल्व्ह अॅम्प घेणं म्हणजे सोसायटीच्या आवारात फिरवायला ट्रक घेणं. हा व्हॉल्व्ह चढवल्याशिवाय फाटत नाही, आणि चढवला की सेक्रेटरी वर येतो.

अॅम्प घ्यायला निघालात?

मामाच्या दुकानातून आणलेली शिदोरी, खास तुमच्यासाठी:

• आधी आहे तो अॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा. खर्च शून्य. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

• मोबाइल किंवा लॅपटॉपवरच्या गिटार अॅपमध्ये हेडफोन लावून हा खेळ करा. आधी ‘अॅम्प’ तोच ठेवून फक्त ‘कॅबिनेट’ बदला. मग उलट. कशाने आवाज जास्त बदलतो ते स्वतःच्या कानाने ठरवा. त्यातलं कॅबिनेट म्हणजे स्पीकर, पेटी आणि माइक यांच्या प्रतिसादाचं एक छोटंसं रेकॉर्डिंग असतं, सेकंदाचा एखादा अंश.

• दोन अॅम्पची तुलना करताना आवाज सारखा मोठा ठेवा, पाठ करून उभे राहा आणि बटण मित्राच्या हाती द्या. विक्रेत्याच्या नको!

• स्पीकर बदलताना ओहम जुळवा. ट्रान्झिस्टरच्या अॅम्पला लिहिलेल्यापेक्षा कमी ओहम कधीच नको. व्हॉल्व्हचा अॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, त्याचा ट्रान्सफॉर्मर जातो. आणि तो स्वतः उघडायचाच नाही. आत काहीशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही साठून राहतात.

• स्टेजवर पेडल थेट साउंड सिस्टिमला नको. अॅम्पसमोर माइक लावा, नाहीतर कॅबिनेटची नक्कल करणारं यंत्र मध्ये घाला. माइक स्पीकरच्या मध्यावर धरला तर आवाज टोकदार, कडेला नेला तर मऊ. दोन इंचांचा खेळ आहे, पण नॉबपेक्षा भारी.

‘तू ऐक आणि सांग’

संध्याकाळी मामा पेटीला नवी जाळी ठोकत होता. बारा इंची स्पीकर तो मला देणार होता, पेटीसकट. मी पैसे काढले, त्याने मामीच्या नावाने शपथ घालून परत ठेवायला लावले. कार्डाचा विषय कुणीच काढला नाही.

‘मामा, तू बटण फिरवत होतास. तुला कुठला जास्त आवडला?’

तो थोडा वेळ ठोकतच राहिला. मग म्हणाला, ‘मला वरचं आता ऐकू येत नाही गो. दोन वर्षं झाली. म्हणून तर तुला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तू ऐक आणि सांग.’

खिशातून त्याने श्रवणयंत्र काढून दाखवलं. वापरत नाही, शिट्टी वाजते म्हणतो. सोबत डॉक्टरांनी काढलेला कानाचा आलेख होता, घडी घालून घालून फाटायला आलेला. रेघ बरी चालत येते आणि ४ किलोहर्ट्झला खड्ड्यात पडते. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाचा हा नेहमीचा खड्डा. चाळीस गणपती भोंग्याच्या शेजारी चालत काढले, कानात साधा कापूसही नाही. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. हे गणित त्याला त्या काळात कुणी सांगितलं नाही. आणि ज्या पट्ट्यात भोंगा ओरडतो, ज्या पट्ट्यात गिटारची धार असते, नेमका तोच त्याच्याकडून गेला.

म्हणजे त्या दिवशी माझ्या तीन फेऱ्यांमध्ये तो माझ्या चेहऱ्याकडे बघून नॉब फिरवत होता.

परतीच्या एसटीत पेटी मागच्या सीटखाली मावेना, तेव्हा कंडक्टरने विचारलं, ‘ताई, काय आहे त्यात? गणपती काय?’ मी म्हटलं, स्पीकर. त्याने सामानाचं तिकीट फाडलं.

पुढच्या शोला माझा डबा, मामाची पेटी खुर्चीवर, समोर एक माइक. ड्रमर सॅंडविच खात आला आणि काहीच बोलला नाही. त्याच्यासाठी हे कौतुकच! अडुसष्टमधले सहाशे रुपये मात्र मी खर्च केले. इअरप्लगच्या चार जोड्या घेतल्या, बँडमधल्या प्रत्येकाला एक. पाचवी जोडी मामाला पाठवली. तो फोनवर म्हणाला, ‘आता मला काय उपयोग?’

मी म्हटलं, उरलंय तेवढं तरी ठेव. गणपतीत मी येतेय, आणि बेंजोवाल्या पोरासाठीही एक जोडी आणतेय.